बोटीआधी टब बघा

बोईसर-तारापूरला समुद्राची कमतरता नाही. नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे, सातपाटी, कुठेही जा, समोर समुद्रच. पण बुडी मारून काही बघावं असं पाणी इथे नाही. वर खंभातच्या आखातात नर्मदा आणि तापी वर्षानुवर्षं गाळ ओतत आल्या आहेत. त्यात उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा ओसरतं, आणि एवढ्या ओढीत गाळाला तळाशी बसायला उसंत मिळत नाही. कोपरापर्यंत हात घातला की आपलीच बोटं दिसेनाशी होतात. मासळीला मात्र हे गढूळ पाणी मानवतं. 2021 च्या ऑगस्टमध्ये मुरब्याच्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात एकदम 157 घोळ लागले आणि लिलावात त्यांचे सव्वा कोटीच्या वर पैसे झाले, तो हाच समुद्र. घोळ-बोंबलाला लागणारं पाणी आणि पर्यटकाला फोटोसाठी लागणारं पाणी एका किनाऱ्यावर सहसा नांदत नाही. म्हणून स्कूबाचा धंदा आमच्याकडे रुजला नाही. तो पाचशे-सहाशे किलोमीटर खाली, मालवण-तारकर्लीला रुजला.

तरीही ज्या यंत्राविषयी, म्हणजे स्कूबाच्या रेग्युलेटरविषयी, हे लिहितो आहे, त्याचं सख्खं भावंड आमच्या एमआयडीसीत जागोजागी टांगलेलं असतं. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही धड रसायन कारखान्यात जा. प्लँटच्या दाराशी एक कपाट असतं, आणि त्यात पाठीवर बांधायची हवेची टाकी, खांद्यावरून पुढे येणारी नळी आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा. कामगार त्याला ‘बीए सेट’ म्हणतात. विषारी वायू सुटला किंवा बंद टाकीत कोणी कोसळलं, तर हा सेट घातल्याशिवाय आत जायचं नाही, असा नियम आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार गेले. अशी बातमी आली की कपाटं उघडली जातात, सेट जागेवर आहे का बघितलं जातं, टाकीचा काटा बघितला जातो. मागच्या सरावानंतर मुखवटा धुतला होता का, श्वासाचा व्हॉल्व्ह पुसून कोरडा केला होता का, हे विचारणारा माणूस मात्र क्वचित भेटतो. धुण्याची नोंद ठेवायची वही असते. तिच्यात सह्या कधीकधी महिनाअखेरीला एकदम, एकाच शाईने पडतात. कारखान्यात काम केलेल्या माणसाला ही शाई लांबूनही ओळखता येते.

बीए सेट आणि स्कूबाचा रेग्युलेटर यांचं तत्त्व एकच. टाकीत हवा दोनशे बारच्या आसपास दाबून भरलेली असते, बीए सेटच्या टाकीत बऱ्याचदा तीनशेपर्यंत. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असतो, एवढं लक्षात घेतलं की दोनशेचा अंदाज येतो. ती हवा थेट तोंडात घेतली तर फुप्फुसं फाटतील. म्हणून दाब दोन टप्प्यांत उतरवायचा. टाकीच्या तोंडाशी बसतो तो फर्स्ट स्टेज. तो दोनशेचे नऊ-दहा बार करतो, तेही भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा जास्त. तिथून नळीने हवा तोंडापाशी येते. तिथला सेकंड स्टेज उरलेला दाब उतरवतो आणि आपण श्वास ओढू तेवढीच हवा सोडतो. ओढणं थांबलं की झडप बंद. सोडलेला श्वास खालच्या रबरी पडद्यातून बुडबुडे होऊन बाहेर. फरक एकच. बीए सेटच्या मुखवट्यात बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब कायम राखलेला असतो, म्हणजे फट राहिली तरी विषारी वायू आत न येता आतली हवा बाहेर जाते. पाण्याखाली हवेचा असा सढळ खर्च परवडत नाही. म्हणून बीए सेट घालून कोणी पाण्यात उतरू नये आणि स्कूबाचा रेग्युलेटर घेऊन कोणी कारखान्याच्या बंद टाकीत उतरू नये. दोन्हीचे प्रयोग सुचणारे महाभाग वसाहतीत आहेत.

या यंत्राचा जन्मही एका अर्थी कारखान्यातलाच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा एअर लिक्विड कंपनीतला एमिल गान्यॉं हा अभियंता मोटारी गॅसवर चालवता याव्यात म्हणून एक व्हॉल्व्ह तयार करत होता. इंजिनाने ओढला की तेवढाच गॅस सोडणारा. नौदलातला अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो त्याच्याकडे आला तो पाण्याखाली श्वास घेण्याची युक्ती शोधत. इंजिनाच्या जागी माणूस, बाकी काम तेच. 1943 च्या जानेवारीत पॅरिसजवळच्या मार्न नदीत पहिली चाचणी झाली आणि ती धड झाली नाही. कुस्तो आडवा असला की यंत्र ठीक चाले. उभा राहिला की हवा भसाभस वाया जाई, आणि डोकं खाली केलं की श्वास ओढता येईना. हवा आत येण्याची जागा आणि श्वास बाहेर पडण्याची जागा वेगवेगळ्या खोलीवर होत्या, म्हणजे वेगवेगळ्या दाबात. दोन्ही शेजारी-शेजारी आणल्या आणि काम फत्ते झालं. आज आपल्या तोंडात असतो तो त्याचाच वंशज.

तशी कल्पना त्याहून जुनी. रूकेरोल हा खाणीतला अभियंता आणि देनेरूझ हा नौदल अधिकारी, या दोघांनी 1860 च्या दशकातच मागणीनुसार हवा देणारं यंत्र केलं होतं. ज्यूल व्हर्नने तेच नाव घेऊन आपल्या पाणबुडीच्या कादंबरीत वापरलं. त्या कादंबरीतला कॅप्टन निमो पुढच्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये बुंदेलखंडाचा राजपुत्र निघतो. म्हणजे कल्पनेतला का होईना, रेग्युलेटर तोंडात धरून समुद्रतळावर चाललेला पहिला नामांकित माणूस भारतीय होता. निमोच्या माणसांनी परत आल्यावर ते यंत्र कशात धुतलं, हे व्हर्नने लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्यांना तिथे रस नसतो.

आता मालवण. 1987 साली मालवणच्या समुद्राचा 29 चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा गावात स्कूबा हा शब्द कोणाच्या कानी नव्हता, आणि अभयारण्याला मच्छीमारांचा विरोधच होता. पुढे यूएनडीपीच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून स्थानिक तरुणांना प्रशिक्षण मिळालं. पर्यटन महामंडळाने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची संस्था काढली, तिच्या उभारणीत सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी यांचा मोठा वाटा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत, आणि पाऊस संपून समुद्र निवळला की तळ दिसतो. बघता बघता वडिलोपार्जित होड्यांवर टाक्या चढल्या. ज्यांचे आजोबा रापण ओढायचे, ते नातू आज पुण्या-मुंबईच्या माणसाची टाकी मागून धरून त्याला खाली मासे दाखवतात. पोहता न येणाऱ्यालाही. त्या अर्ध्या तासात पर्यटकाच्या हाती स्वतःचं असं काही नसतं. तोंडात धरलेलं रबर तेवढं असतं, आणि ते रबर त्याच्याआधी कोणाच्या तोंडात होतं हे तो विचारत नाही.

24 मे 2022 ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी एक बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक दगावले. त्यानंतर साहजिकच सगळ्यांचं लक्ष बोटीकडे गेलं. लाइफ जॅकेट आहे का, परवाना आहे का, माणसं किती भरली. हे बघायलाच हवं. पण माझा हट्ट असा की बोट बघण्याआधी टब बघावा.

टब म्हणजे निळा प्लॅस्टिकचा पिंप अर्धा कापून केलेला, नाहीतर सिमेंटची छोटी टाकी, नाहीतर मासळीचा जुना क्रेट. तो दुकानाच्या मागच्या बाजूला, नळापाशी असतो. पर्यटक पुढच्या बाजूला व्हिडिओचे पैसे देत असतात. मागे एखादा पोरगा होडीतून आलेलं सामान उतरवून त्यात घालत असतो. त्याला ‘हेल्पर’ म्हणतात, त्याचं नाव कुठल्याही प्रमाणपत्रावर नसतं. पण दिवसभराचे सगळे रेग्युलेटर उद्या कसे चालणार, हे त्या पोराच्या हातात असतं.

त्या टबाशी थोडं थांबून बघण्यासारखं आहे. होडीतून रेग्युलेटर काढताना आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद होतो. मग सेकंड स्टेजवरचं बटण दाबून नळीत अडकलेली हवा फुस्सकन बाहेर सोडतात, ती सोडल्याशिवाय स्क्रू हलत नाही. फर्स्ट स्टेज सुटला की त्याच्या तोंडाशी एक उघडं भोक दिसतं, टाकीतली हवा आत घेणारं. एरवी समुद्राचं पाणी ज्या भागात कधीच जाऊ नये, त्याचं हे एकमेव उघडं दार. त्याला एक टोपण असतं, डस्ट कॅप. टोपण आधी कोरड्या फडक्याने पुसायचं आणि मगच घट्ट लावायचं, कारण ओलं टोपण लावलं तर ते थेंब आतच कोंडले जातात. बरेच जण फडकं शोधत बसत नाहीत. टाकीचा व्हॉल्व्ह किंचित उघडून त्या हवेच्या झोताने टोपण वाळवतात. आवाज जोरात होतो, आसपासचे दचकतात, आणि झोत तिरका बसला तर टोपणावरचं पाणी उडून नेमकं त्या भोकातच जातं. फडकं बरं.

मग रेग्युलेटर टबात. नुसता विसळून चालत नाही, भिजत ठेवायचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून गेलं की ते मीठ नळीच्या जोडात, बटणाच्या स्प्रिंगभोवती, फर्स्ट स्टेजच्या खाचांत स्फटिक होऊन बसतं. एकदा वाळलेलं मीठ वरवरच्या धारेने निघत नाही, त्याला विरघळायला वेळ द्यावा लागतो. म्हणूनच टब दूर असेल तर सामान उन्हात वाळत ठेवण्यापेक्षा ओलंच आणणं चांगलं. काही फर्स्ट स्टेज पिस्टनवर चालतात आणि त्यांच्या पोटात समुद्राचं पाणी मुद्दाम शिरू दिलेलं असतं, खोलीचा दाब कळावा म्हणून. अशांना जास्त वेळ भिजवावं लागतं. काहींत हा भाग पडद्याने बंद केलेला असतो, त्यांचं धुणं सोपं. कोमट पाणी मिळालं तर उत्तम, हाताला सोसेल एवढंच.

आणि इथे एक गोष्ट करायची नाही. ती पहिल्याच दिवशी शिकवतात आणि तिसऱ्या दिवशी विसरली जाते. तारकर्लीला एका टबापाशी एक नवखा पोरगा सेकंड स्टेज पाण्यात बुडवून त्याचं मधलं बटण दाबत होता, आत नीट पाणी खेळावं या चांगल्या हेतूने. मागून त्याच्या काकाने हाक दिली, “अरे, ता बटण दाबू नको! पाणी आत जातला.” पोराला वाटलं, पाणी आत जावं म्हणूनच तर धुतोय. पण काकाचं बरोबर होतं. ते बटण दाबलं की आतली झडप उघडते. टाकी जोडलेली असताना त्यातून हवा बाहेर येते. टाकी नसताना पाणी त्याच वाटेने उलटं नळीत चढतं आणि फर्स्ट स्टेजच्या कोरड्या पोटात जाऊन बसतं. टोपण कितीही घट्ट लावा, पाणी मागच्या दाराने घरात आलेलं असतं. बटणाच्या आतलं मीठ काढायचंच असेल तर रेग्युलेटर टाकीला जोडून, हवा सुरू ठेवून टबात घालायचा. मग बटण खुशाल दाबा. हा खरं तर सगळ्यात चांगला प्रकार, पण त्यात हवा जाते, वेळ जातो, आणि टाकी पुन्हा टबापर्यंत उचलून आणावी लागते. दिवसाची चौथी फेरी संपल्यावर टाकी उचलायची कोणाची तयारी नसते.

आत शिरलेल्या पाण्याची चुगली करणारी एक जागा फर्स्ट स्टेजमध्ये असते. टोपण काढून आत बघितलं तर तोंडाशी बोटाच्या पेराएवढी धातूची जाळी दिसते, दाबून घट्ट केलेल्या कणांची. हवेतली धूळ अडवायला ती असते. नवी असताना तिचा रंग स्वच्छ धातूचा. ती हिरवी पडलेली दिसली तर समजायचं, पाणी आत गेलं आणि बरेच दिवस राहिलं. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं तसाच तो हिरवा रंग. शेवटी आतला धातू तांबं-पितळच. वरचा चकचकीत क्रोमचा मुलामा ही या पातेल्याची कल्हई, आणि ती आतल्या कोपऱ्यांत सगळीकडे सारखी पोचतेच असं नाही. जाळी तांबूस दिसली तर दोष रेग्युलेटरचा नसून लोखंडी टाकी आतून गंजली आहे. काळी भुकटी दिसली तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा कोळशाचा फिल्टर फुटला असण्याची शक्यता. एवढीशी जाळी, पण हवा कुठून आणि कशी आली याचा अर्धा हिशेब तिच्यावर वाचता येतो. दुकानदाराला टोपण काढून दाखव म्हटलं तर तो दाखवेल. चांगला दुकानदार कौतुकाने दाखवेल.

टबातल्या पाण्याचं काय? सकाळी गोडं पाणी भरलेलं असतं. दुपारपर्यंत त्यात वीस-पंचवीस सूट, मुखवटे, पंख, बूट बुडून गेले की ते गोडं राहत नाही. वेटसूटमध्ये थंडीने काय काय होतं, हे डायव्हिंगवाले आपापसांत हसत सांगतात. ज्या टबात तो सूट, त्याच टबात तोंडात धरायचं यंत्र, हे गणित करून बघा. चांगल्या ठिकाणी टब दोन असतात, रेग्युलेटरचा वेगळा. कोविडच्या काळात सगळ्यांनाच तोंडाचा भाग जंतुनाशकात बुडवून काढायची सवय लागली होती. साथ सरली तशी बऱ्याच ठिकाणी ती सवयही सरली. खरं तर ज्या यंत्रातून दिवसाला इतकी अनोळखी माणसं श्वास घेतात, त्याला साथीची वाट कशाला बघायची?

पण टबाचं पाणी का बदलत नाही, याला आळसाखेरीज दुसरंही कारण आहे आणि ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला चटकन कळेल. गोडं पाणी नसतं. एप्रिल-मे म्हणजे पर्यटकांची सर्वांत मोठी गर्दी आणि त्याच महिन्यांत किनाऱ्यालगतच्या विहिरी तळ गाठतात, काहींना मचूळ चव येते. लॉजमध्ये टँकर येतो, तो आधी पाहुण्यांच्या आंघोळीला, मग स्वयंपाकघराला, आणि उरला तर टबाला. आमच्या पालघरात हे नवीन नाही. सूर्या प्रकल्पाचं पाणी पाइपांतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे निघालं, आणि ज्यांच्या जिल्ह्यात धरण आहे त्या किनाऱ्यावरच्या बायका आजही हंडे लावून बसतात. समुद्राकाठी गोड्या पाण्याची किंमत काय, हे त्यांना विचारा. अशा गावात दर फेरीला टब उपसून ओता, असं सांगणं सोपं नाही. तरीही एका रेग्युलेटरला एक बादली पुरते, आणि ज्या माणसाकडून फेरीचे पैसे घेतले त्याच्या हिशेबात एक बादली धरायला काय हरकत आहे? धंद्याच्या खर्चात डिझेल धरतात, पाणी धरत नाहीत.

मिठाशी लढाई आम्हालाही घरची आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे, ते समुद्राकाठी बसवलं याचं एक कारण म्हणजे थंडाव्यासाठी लागणारं अफाट पाणी. ते पाणी समुद्राचंच. अशा कुठल्याही केंद्रात एक मोठं काम असतं ते मीठ आणि कालवं-शिंपले यांना नळ्यांपासून दूर ठेवण्याचं. तिथे त्यासाठी खाती आहेत, अभियंते आहेत, पाळ्या आहेत. एमआयडीसीतल्या कारखान्यांना तेवढी चैन नसली तरी मीठ पत्र्याला वर्षात कसं खातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. सातपाटीच्या खलाशाला तर सांगावंच लागत नाही. तो इंजिनावर गोड्या पाण्याचा हात फिरवल्याशिवाय बंदर सोडून घरी जात नाही.

पावसाळा हा दोन्हीकडचा दुरुस्तीचा हंगाम. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, सातपाटीच्या बोटी ओढून वर घेतात, कलाफती होते, रंग होतो, इंजिन उघडतं. मालवणलाही मेअखेरीला जलक्रीडा बंद होतात. रेग्युलेटर उघडायचे ते याच काळात. बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा किंवा शंभर बुड्यांनंतर, यातलं जे आधी येईल तेव्हा, पूर्ण सर्व्हिसिंग सांगतात. काही नव्या यंत्रांना दोन वर्षांची मुदत असते. शंभर बुड्या हा आकडा हौशी माणसाला वर्षानुवर्षं पुरतो. मालवणच्या हंगामात एखादा रेग्युलेटर तेवढ्या बुड्या महिनाभरात सहज करतो. म्हणजे कागदावर बघितलं तर इथल्या यंत्रांना हंगामात कित्येकदा सर्व्हिसिंग हवं. होत किती असेल, याचा अंदाज वाचकाने बांधावा.

सर्व्हिसिंग म्हणजे सगळे भाग सुटे करून, हलक्या आम्लाच्या द्रावणात ध्वनिलहरींच्या यंत्राने साफ करून, ओ-रिंग आणि झडपेच्या बैठकी नव्या घालून, ठरलेल्या जोरात आवळून, मधला दाब काट्यावर जुळवणं. हे काम त्या कंपनीने शिकवलेल्या तंत्रज्ञाने करायचं असतं आणि सुट्या भागांची पिशवी बाहेरून मागवावी लागते. ती महाग असते, उशिरा येते. मग मोह होतो. आमच्या बोईसरला तर जास्तच. इथे दाबाचे व्हॉल्व्ह दुरुस्त करणारे हात गल्लोगल्ली आहेत. ऑक्सिजनचे, अ‍ॅसिटिलीनचे, वाफेचे रेग्युलेटर डोळे मिटून खोलणारे मेकॅनिक आहेत आणि ओ-रिंग किलोने मिळतात. वसाहतीतला डायव्हिंगची हौस असलेला एक मित्र आपला रेग्युलेटर अशाच एका ओळखीच्या वर्कशॉपात घेऊन गेला. मालकाने तो हातात फिरवून बघितला, जोड ओळखले, आतल्या स्प्रिंगचं काम नेमकं सांगितलं, आणि परत दिला. “खोलून देतो साहेब, बसवूनही देतो. पण याच्या मागे माणूस आहे ना? मग नको,” म्हणाला. त्याच्या हाताखालून निघालेल्या व्हॉल्व्हच्या मागे रोज रिअ‍ॅक्टर असतात, तेही काही कमी धोक्याचे नाहीत. पण प्रत्येक भागाचं माप, रबराची जात आणि आवळण्याचा जोर छापलेला कागद हातात नसताना हात लावायचा नाही, ही त्याची शिस्त होती. अशी शिस्त ज्याच्याकडे आहे त्याला शिकवून या कामाला लावायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतं.

ग्रीसचंही तसंच. ओ-रिंगला चकाकी आणायला घरात आहे ते व्हॅसलिन किंवा गाडीचं ग्रीस लावणारे असतात. खनिज तेलाने काही जातींचं रबर फुगतं आणि सैल पडतं. टाकीत साध्या हवेऐवजी जास्त ऑक्सिजनचं मिश्रण असेल तर दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल यांची गाठ पडून भडका उडू शकतो. ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलकट हात लावू नये, हे वेल्डिंगच्या दुकानातलं पोरगंही जाणतं. साध्या हवेच्या यंत्राला लावायचं ते सिलिकॉनचं ग्रीस, आणि बोटाला जाणवेल न जाणवेल एवढंच. बाहेरून दिसणाऱ्या रिंगेपलीकडे मालकाने स्वतः हात घालू नये.

धुऊन झाल्यावरचं काम थोडकं, पण त्यातच जास्त चुका होतात. रेग्युलेटर सावलीत वाळवायचा, उन्हात रबर कडक होऊन चिरतं. नळीने टांगायचा नाही, वजनाने नळी जोडापाशी मोडते. फर्स्ट स्टेजला आधार देऊन टांगावा किंवा नळ्या मोठ्या वेटोळ्यात ठेवून आडवा ठेवावा. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नये. परतीच्या गाडीची घाई असते, सगळे ओलंच कोंबतात, म्हणून वसई रोडला उतरून घरी आल्यावर पहिलं काम पिशवी उघडण्याचं. बादलीभर नळाच्या पाण्यात पुन्हा एकदा तासभर भिजवलं तर वाया जात नाही. तरणतलावात सराव केला असेल तरी धुवायचाच, क्लोरीनही रबराला सोडत नाही. पिशवीत ठेवताना तोंडाच्या भागावर स्वच्छ कापडी थैली घालावी. कोकणातलं घर असो की आमचं, पावसाळ्यात मुंग्या आणि झुरळांना असली अंधारी, ओलसर जागा आवडते. महिन्यांनी पुन्हा पाण्याखाली पहिला श्वास ओढताना त्यांची भेट होणं बरं नव्हे.

हे सगळं स्वतःचा रेग्युलेटर असलेल्यासाठी. ज्यांच्याकडे नाही, म्हणजे आपण जवळजवळ सगळेच, त्यांनी तारकर्लीला काय करावं? होडीत बसण्याआधी मागच्या बाजूला जाऊन टब बघून यावं. एकच टब आहे की दोन, पाणी कसं दिसतं, फडकं कुठे आहे. मग आपल्याला मिळणारा रेग्युलेटर हातात घ्यावा, तोंडाचं रबर दातांच्या जागी फाटलंय का बघावं, वास घ्यावा. टाकी जोडायच्या आधी, टोपण लावलेलं असताना, त्यातून हलका श्वास ओढून बघावा. काहीच येता कामा नये, रबर जिभेला चिकटल्यासारखं व्हायला हवं. हवा आली तर कुठेतरी पडदा किंवा झडप फाटलेली आहे, आणि जिथून इथे हवा येते तिथून खाली पाणी येईल. टाकी जोडली की दाबाच्या काट्याकडे बघत तीन-चार मोठे श्वास घ्यावेत. प्रत्येक श्वासाला काटा लटपटत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही किंवा जाळी तुंबलेली आहे. दोन मिनिटांचं काम. पोरगा हसेल, शेजारचे पर्यटक घड्याळ बघतील. मालकाला राग आला तर पुढच्या दुकानात जावं. मालवणात दुकानं पुष्कळ आहेत.